वय ३४, घर लांज्यात : नर्सिंग, डी.फार्म की फिजिओथेरपी?

लांजा_बाजारपेठ

नमस्कार मंडळी. वय ३४ पूर्ण, डिसेंबरात ३५ पूर्ण होतील. बारावी सायन्स, पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र), ५२ टक्के, तेही सोळा वर्षांपूर्वी. कुणबी, ओबीसी दाखला माहेरच्या नावाने आहे. दोन मुलं शाळेत, घरी सासूबाई. हॉस्टेलवर राहणं अवघड, पण रोज रत्नागिरीला एसटीने जाऊन-येऊन करता येईल. डोक्यात चार गोष्टी आहेत : जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग, डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा), फिजिओथेरपी, आणि एका क्लासवाल्याने सुचवलेला एक वर्षाचा डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा). वय आड येईल का? घर सांभाळून यातलं काय निभेल? जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

वॉर्ड_आणि_वर्ग

ताई, आधी नर्सिंगचं बोलते, कारण तिथे तुमच्याकडे वेळ सगळ्यात कमी आहे. जीएनएमला इंडियन नर्सिंग कौन्सिलने १७ ते ३५ अशी वयाची चौकट घातली आहे. ते वय कोणत्या तारखेला मोजणार, हे प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत असतं, तेवढं आजच वाचा. तुमच्या बाबतीत एक वर्ष थांबणं म्हणजे तो दरवाजा बंद होणं.

जीएनएम तीन वर्षांचं आहे. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के हवेत. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं, आठ सत्रं. तिथे पीसीबी आणि ४५ टक्के लागतात, शिवाय राज्य सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यावी लागते. टक्क्यांत तुम्ही दोन्हीकडे बसता.

लोक फी बघतात, तास बघत नाहीत, आणि मग दुसऱ्या वर्षी अडकतात. नर्सिंगमध्ये थिअरीला ८० टक्के हजेरी चालते. पण वॉर्डातली प्रत्यक्ष ड्युटी पदवी मिळेपर्यंत १०० टक्के भरून द्यावीच लागते. म्हणजे जुलैत हातखंब्याला गाडी अडकली आणि ड्युटी चुकली, तर ते तास माफ होत नाहीत, सुट्टीत भरावे लागतात. गणपतीचे पाच दिवस, शिमग्याचे चार दिवस, मुलाचा ताप, सासूबाईंचा दवाखाना हे सगळं त्याच खात्यात जमा होतं. त्यात नाइट ड्युटी अभ्यासक्रमाचाच भाग आहे, ती टाळता येत नाही. सकाळची पाळी लांज्याहून पहिल्या एसटीने गाठणं तीन-चार वर्षं रोज जमेल का, याचा हिशोब घरच्यांना समोर बसवून करा. बरीच कॉलेजं हॉस्टेलचा आग्रह धरतात, तेही आधी विचारून घ्या.

अभ्यासाची भीती असेल तर स्वतःला एक गणित घालून बघा. ५०० मिलि सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांना एक मिलिचा आहे. मिनिटाला थेंब किती? ५०० गुणिले २० भागिले २४०, म्हणजे जवळजवळ ४२. असं गणित पंधरा दिवसांच्या सरावाने परत येतं. बाकी पाठांतर आहे, ते या वयात विशीतल्या मुलींपेक्षा जास्त समजून होतं.

जीएनएम करून नोंदणी झाली की पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. त्यामुळे पदवी हातची जात नाही, पुढे सरकते एवढंच.

गोळी_आणि_गल्ला

वरचं सगळं बरोबर. पण रोज जाऊन-येऊन करायचं ठरलंच असेल तर माझं मत डी.फार्मला.

दोन वर्षं, आणि त्यानंतर दवाखान्यात किंवा मेडिकल स्टोअरमध्ये निदान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रशिक्षण. वरच्या वयाची अट नाही. सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर तंत्रशिक्षण संचालनालयाची प्रवेशफेरी. हजेरी ७५ टक्के, पण ती प्रत्येक विषयाला, थिअरी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळी धरतात. प्रात्यक्षिकाची बॅच दुपारची असेल तर शेवटची सोयीची गाडी चुकते म्हणून लोक ती बुडवतात आणि तिथेच अपात्र ठरतात. वेळापत्रक हातात आल्याशिवाय एसटीचा पास काढू नका.

पहिल्या वर्षी जड जातं ते फार्मास्युटिकल केमिस्ट्री. बारावीचं सेंद्रिय रसायन विसरलेल्यांनी निदान क्रियाशील गट आणि नामकरण प्रवेशाआधीच उजळून घ्यावं. दुसऱ्या वर्षाचं फार्माकॉलॉजी मोठं आहे, पण गोडी लागते.

५०० तास ओळखीच्या दुकानात ‘सहीपुरते’ उरकू नका. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली, रोजची नोंद ठेवून करा. डॉक्टरचं अक्षर, डोस, पर्यायी ब्रँड, इन्सुलिनची साठवण हे सगळं तिथेच कळतं.

नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. स्वतःचं दुकान टाकायचं तर निदान १० चौरस मीटर जागा, फ्रीज, आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पुढे बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशही आहे. आपल्या भागात सावर्डे आणि सावंतवाडी इथे फार्मसीची कॉलेजं आहेत, पण लांज्याहून रोजचं म्हटलं तर नजर रत्नागिरीवरच ठेवा.

एक कळकळीने सांगतो. पास झाल्यावर ‘तुमचं सर्टिफिकेट भिंतीला लावतो, महिन्याला अमुक देतो’ म्हणणारे भेटतील. नाही म्हणा. चिठ्ठीवरची औषधं फार्मासिस्टच्या देखरेखीत द्यायची असतात. त्याच्याशिवाय गेलेल्या चुकीच्या डोसने माणूस दगावतो, आणि जबाबदारी भिंतीवरच्या नावाची असते.

मणका_गुडघा

फिजिओथेरपीचं थोडक्यात. महाराष्ट्रात प्रवेश नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली, म्हणून वय आड येत नाही. पेपर मराठीतही देता येतो. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीला एक गुण वजा. निम्मे गुण जीवशास्त्राचे. पण सोळा वर्षांच्या खंडानंतर भौतिकशास्त्र उभं करायला पूर्ण वर्ष लागेल, आणि मग इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षं. चाळिशी इथेच उलटते. स्वतःचं क्लिनिक हेच स्वप्न असेल तरच या वाटेला जा.

त्या एक वर्षाच्या डीएमएलटीला मात्र हात लावू नका. ‘नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होईल, लेखी द्या’ एवढंच क्लासवाल्याला विचारा. महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचं नाव न घेता तो शंभर टक्के नोकरीवर आला, तर समजून जा. शिवाय तंत्रज्ञ स्वतःच्या सहीने रिपोर्ट देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ते स्पष्ट केलं आहे, सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच लागते. ‘स्वतःची लॅब टाका’ हे आमिष तिथेच गळून पडतं.

सेतू_कट्टा

वयाचा दुसरा हिशोब कुणी मांडला नाही. राज्य सरकारच्या नोकरीला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागास प्रवर्गात ४३ ही सर्वसाधारण मर्यादा. चार वर्षांचा कोर्स करून खुल्यातून तुम्ही बाहेर पडाल, ओबीसीतून हाताशी तीन-चार वर्षं राहतील. म्हणून तुमच्यासाठी कागद हा कोर्सइतकाच महत्त्वाचा. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरची मर्यादा सर्वसाधारणपणे ३० आहे, ओबीसीची सवलत धरूनही तो विचार सोडा.

जात पडताळणी झाली नसेल तर आजच समितीकडे अर्ज टाका, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. नॉन-क्रीमिलेअर विवाहितेलाही आई-वडिलांच्या उत्पन्नावर मिळतं, नवऱ्याच्या नाही. सेतूत नवऱ्याचा दाखला मागितला तर हे शांतपणे सांगा. नॉन-क्रीमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, चालू वर्षाचं घ्या.

दहावी-बारावी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या, ही कागदपडताळणीतली नेहमीची ठेच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र दोन्ही हाताशी ठेवा. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा. आणि प्रवेश सरकारी फेरीतूनच घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ती मिळत नाही.

लांजा_बाजारपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कल डी.फार्मकडे होतोय, पण जीएनएमची तारीख आजच बघते. धाकट्या जावेचं विचारायचं होतं, तिच्या बारावीला गणित होतं, जीवशास्त्र नव्हतं.

गोळी_आणि_गल्ला

डी.फार्मला चालेल. भौतिक आणि रसायन सक्तीचं, तिसरा विषय जीवशास्त्र किंवा गणित. जीएनएमलाही अडचण नाही. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र नाही. दोघी एकाच वर्गात आलात तर प्रात्यक्षिकाच्या दोन वेगळ्या बॅच मागून घ्या, म्हणजे दुपारी एक जण घरी असेल.