न सांगता मेन रेडर बाहेर बसवला, चुकलं का? (व्हॅन गालनं केलं तेच मी केलं)

मानवतकर
राम राम मंडळी. विषय कबड्डीचाय पण सुरुवात फुटबॉलपासून करावी लागंल. २०१४ चा वर्ल्डकप, क्वार्टर फायनल, हॉलंड विरुद्ध कोस्टा रिका. ०-०, एक्स्ट्रा टाइमबी संपत आलेला अन् कोच व्हॅन गालनं अख्खी मॅच खेळलेला गोलकीपर सिलेसन बाहेर काढून टिम क्रूल आत घातला, नुसत्या पेनल्टीसाठी. क्रूलनं दोन अडवल्या, हॉलंड ४-३ नं पुढं. क्रूलला आधी सांगून ठेवलं होतं, सिलेसनला नाही. त्यानं बाहेर येताना बाटलीला लाथ घातली.

आता माझं. गावच्या टीमचं मी बघतो. तालुक्याच्या फायनलला शेवटची चार मिनिटं, आम्ही दोन पॉइंटनी मागं अन् आमचा दहा वर्षांपासूनचा मेन रेडर, त्याला दादा म्हणू, रेड करून आला की गुडघा दाबायलाय हे मला बाहेरून दिसायलं होतं. काढला त्याला, अकरावीतलं पोरगं घातलं. पोरानं तिसऱ्या रेडला दोन गडी मारले, ढाल आपली. तवापासून दादा बोलंना, गणपतीच्या मीटिंगलाबी माझ्याकडं पाठ करून बसला. माझं म्हणणं एवढंच, सगळ्यांची मनं धरत बसलं तर मॅच जाती. बोला.

गोदाकाठ
पुढची मॅच का गाळली लेका? सेमीफायनल अर्जेंटिनाशी, परत ०-०, परत पेनल्टी, पण तिन्ही बदली खेळाडू वापरून झालेले. मग उभा कोण? तोच सिलेसन, ज्याला चार दिवसाआधी सगळ्या जगासमोर दाखवलं होतं की पेनल्टीला तू चालत नाहीस. एक अडवली नाही, ४-२ नं घरी. एका मॅचसाठी माणूस खर्चून टाकला त्यानं.

कव्हर_डावा
सिलेसनला आधी सांगितलं असतं तर १२० मिनिटं त्याच्या डोक्यात तेच फिरलं असतं, गोल खाल्ला असता तर? ह्या असल्या गोष्टीत निकाल बघून शहाणपण सुचतं सगळ्यांना. २०२२ च्या वर्ल्डकपला पोर्तुगालचा कोच सांतोसनं रोनाल्डोला बाहेर बसवला, त्याच्या जागी रामोसनं हॅट्रिक मारली, स्वित्झर्लंडवर ६-१, लोक म्हणले वा काय छाती आहे. चार दिवसांनी तसाच बसवला, मोरोक्कोकडून ०-१, लोक म्हणले अक्कल नाही. माणूस तोच, निर्णयबी तोच. मानवतकर, तू बरोबर आहेस, पोरगं बाद झालं असतं तर गावानं तुला वेशीवर धरला असता एवढंच.

लातूरी_चहा
त्याच वर्ल्डकपमधलं दुसरं बघा. अर्जेंटिना सौदीकडून १-२ हारली, मग त्यांचा कोच स्कालोनीनं टीम हलवली, लाउतारो मार्टिनेझसारखा मोठा स्ट्रायकर बसवून पोरसवदा आल्वारेझ खेळवायला लागला. पण बसवला म्हणजे टाकून नाही दिला. क्वार्टर फायनलला हॉलंडशी पेनल्टीवर गेली मॅच तर शेवटची, जिंकून देणारी किक कुणाची? लाउतारोची. अन् समोर हॉलंडचा कोच म्हणून कोण बसलं होतं माहितीये का, हेच तुमचे व्हॅन गालसाहेब! बसवलेल्या माणसाला तू अजून आमचाच आहेस हे कळायला पाहिजे बाबा.

कव्हर_डावा
लाउतारोला स्कालोनी काय बोलला हे तुला कुणी सांगितलं? चहा द्यायला होतास का तिथं?

लातूरी_चहा
नव्हतो, पण किक मारायला तो पुढं आला हे तर सगळ्यांनी बघितलं की. मानवतकरचा दादा पुढच्या स्पर्धेला येणारे का, ते विचार.

मानवतकर
टाइमआउटला मी विचारलं होतं त्याला, गुडघ्याला काय झालं म्हणून. "काय नाही" म्हणला. विचारलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं ना.

गोदाकाठ
गुडघा विचारला, बसवणार हे कुठं सांगितलं? अन् एक सांग, खरं सांग. त्या पोराला कधी सांगितलंस आत यायचंय म्हणून?

मानवतकर
सकाळी. गाडीवर येताना. म्हणजे पक्कं नव्हतं, नुसतं तयार रहा म्हणलो.

गोदाकाठ
म्हणजे गुडघा दिसायच्या आधीच. दादाबी सकाळी सोबतच आला असंल ना?

मानवतकर
दुसऱ्या गाडीवर होता.

कव्हर_डावा
असू द्या की. ढाल गावात आली का नाही?