मदत हवी आहे : लहान एएमएस यंत्रात रेणू कसे फुटतात?

नमस्कार मंडळी. कार्बन-१४ कालमापनाच्या एएमएस यंत्राबद्दल (अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे आयनांना वेग देऊन, वस्तुमानानुसार वेगळं करून मोजणं) कॉलेजच्या मुलांना सांगायचं आहे, तर एका टप्प्यावर मदत हवी आहे.

नमुन्यापासून केलेल्या ग्रॅफाइटवर सीझियमचा मारा करून ऋण आयन काढतात. नायट्रोजन-१४ चं वस्तुमान जवळजवळ कार्बन-१४ इतकंच, म्हणून मोजताना गल्लत व्हायची, पण त्याचा ऋण आयन टिकत नाही. त्यामुळे तो भिडू दारातच बाद! मला तर सगळ्या यंत्रातली हीच सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. उरतात वस्तुमान १४ चेच सीएच-२ (एक कार्बन-१२, दोन हायड्रोजन) सारखे रेणू. टँडेम त्वरकाच्या (एकाच व्होल्टेजने आयनांना दोनदा वेग देणाऱ्या यंत्राच्या) मधोमध, स्ट्रिपरमध्ये, म्हणजे विरळ वायू भरलेल्या नळीत, इलेक्ट्रॉन ओरबाडले गेले की ते फुटतात. तीन धनभार आले की असा रेणू टिकत नाही, हे पटतं.

पण दिल्लीच्या आययूएसीत (इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर) आहे तसा ५०० किलोव्होल्टचा त्वरक घ्या. एवढ्या कमी व्होल्टेजच्या यंत्रांत एकच धनभार असलेले आयन मोजतात. एकभारित रेणू तर टिकू शकतात ना? मग स्ट्रिपरमधल्या वायूच्या वारंवार धडकांनीच ते मोडतात का? वायू वाढवला तर झोत विखुरतो, मग त्याचा दाब नेमका कसा ठरवतात?

अशा यंत्रावर काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.