उन्हाळ्यातली वनस्पती उद्यानं आणि तुमचा कॅमेरा (अनुभव धागा)

पानोपानी (धागाकर्ती)

पाऊस सुरू झाला की कास, ताम्हिणीला गर्दी होते, पण एप्रिल-मेमध्ये बहुतेकांचे कॅमेरे कपाटात असतात. मला याची खरंच हळहळ वाटते. बहावा, ताम्हण, सोनमोहर याच दिवसांत फुलतात. बाहेरचे पाणवठे आटले की पक्षी-कीटक बागेतल्या ओलाव्याला येतात. शिवाय वनस्पती उद्यानात बऱ्याच झाडांवर नावाची पाटी असते आणि झाड कुठे जात नाही, त्यामुळे त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाता येतं. असा एखादा दिवस तुम्ही घालवला असेल तर इथे लिहा. फूल छान होतं एवढ्यावर थांबू नका. त्यावर कोण आलं, काय करत होतं, कसं टिपलंत, तेही सांगा.

माझी बाग पुण्याची एम्प्रेस गार्डन. 39 एकर, जुने वृक्ष, त्यांवर चढलेल्या महावेली. बाहेर डांबर तापलेलं असताना आत सावली असते. नुकतंच पाणी सोडलेल्या आळ्यांत लिंबू फुलपाखरं चिखलावर बसतात. हे बहुतेक नर असतात. मातीतले क्षार शोषण्यात ते इतके गुंतलेले असतात की जमिनीवर आडवं होऊन हळूहळू हातभर अंतरापर्यंत सरकता येतं. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरा, म्हणजे सोंडेपासून शेपटापर्यंत सगळं फोकसमध्ये येतं.

भायखळाकर

राणीबाग! लोक पेंग्विन बघायला जातात, पण 1862 साली ही बाग खुली झाली ती झाडांची बाग म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर उर्वशी बघा. मूळची म्यानमारची. लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका असतो.

पण माझा जीव कैलासपतीत अडकलेला आहे. त्याची फुलं थेट खोडावर, डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे मोठी लेन्स लागत नाही. फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांचं कडं असतं आणि त्यावर वाकलेला फणा. आपण त्याला शंकराच्या पिंडीवरचा नाग म्हणतो. कड्यातले आणि फण्यातले पराग वेगवेगळे असतात. फण्यातले फक्त भुंग्यांना खाण्यासाठी, त्यांनी बी धरत नाही. बी धरायला कड्यातले पराग लागतात. फुलात मध नाहीच, भुंगा येतो तो फण्यातल्या खाऊसाठी. तो कडं आणि फणा यांच्यामधल्या फटीत शिरतो, तेव्हा कड्यातले पराग त्याच्या अंगाला लागतात आणि पुढच्या फुलावर जातात.

मला हवा होता नेमका हाच फोटो: काळाकुळकुळीत भुंगा फटीतून मागे सरकतोय आणि पाठीवर परागांचा थर आहे. फांदीखाली बसून एकाच फुलावर फोकस लावून ठेवला. सावली दाट होती म्हणून फ्लॅश अगदी मंद करून पुढे पांढरा कागद लावला. भुंगा बाहेर पडला, फुलाच्या कडेला थबकला, मागच्या पायांनी अंग झाडू लागला, आणि मला हवं होतं ते सगळं त्या एका फ्रेममध्ये आलं. आजवर काढलेल्या फोटोंत माझा सर्वांत आवडता हाच.

जाणाऱ्यांसाठी: बुधवारी बाग बंद असते.

सह्यवेल

भायखळाकर, काय सुंदर लिहिलंत! हाच व्यवहार बहाव्यातही चालतो. त्याच्या फुलात तीन लांब वळलेले पुंकेसर पुढे आलेले असतात, बाकीचे आखूड. इथेही मध नाही. भुंगा आखूड पुंकेसरांना बिलगून अंग थरथरवतो आणि त्या कंपनांनी पराग बाहेर पडतात. त्या वेळी लांब पुंकेसरांतले पराग नकळत त्याच्या अंगावर बसतात.

हे डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतं. उडताना भुंग्याचा आवाज जाड, घुमणारा असतो. फुलाला बिलगला की तो एकदम चढतो, बारीक आणि तीव्र होतो. तेवढं ऐकू आलं की शटर दाबायचं. सकाळी लवकर जा, तेव्हा फुलं ताजी असतात आणि भुंग्यांची वर्दळ असते.

बहाव्याचा पिवळा रंग उन्हात हमखास जळतो. एकत्रित हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा आलेख केव्हाच उजवीकडच्या भिंतीला टेकलेला असतो, म्हणजे त्या रंगातले बारकावे गेलेले असतात. मी एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप, म्हणजे थोडंसं, खाली ठेवतो, मग पाकळीवरच्या शिरा शाबूत राहतात.

नवशिकी

पानोपानी ताई, माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. दुपारच्या उन्हात काही निघेल का?

पानोपानी

निघेल की! दुपारी फुलांचा नाद सोड आणि पानांखाली जा. सूर्य पानाच्या मागे ठेवून खालून फोटो काढ, शिरांचं सगळं जाळं उजळून निघतं. पानावर सुरवंट किंवा कोळी बसला असेल तर त्याची सावलीही पानातून दिसते. रुईचं झुडूप दिसलं तर पानं उलटून बघ, बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या सापडतील. पिवळे-काळे पट्टे असतात. फक्त चीक डोळ्यांत जाऊ देऊ नकोस.

पंचगंगाकाठ

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात मे महिन्यात गेलो होतो. तिथे कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती जपल्या आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या बऱ्याच कुंड्यांत नुसती माती दिसते, कारण जीव खाली कंदात असतो. पाऊस पडला की वेल वर येतो आणि मग ती नळीसारखी फुलं, ज्यांत चिलटं काही काळ अडकून पडतात. मी त्या रिकाम्या कुंड्यांचे पाट्यांसकट फोटो काढले आणि पावसाळ्यात त्याच जागी उभं राहून पुन्हा काढले. माझ्या विद्यार्थ्यांना ही जोडी दाखवतो, तेव्हा सुप्तावस्था वेगळी शिकवावी लागत नाही.

दयाळ

एक गोष्ट मनापासून लिहायची आहे, बागेचं नाव मुद्दाम देत नाही. शिंप्याचं घरटं होतं, दोन पानं कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंनी शिवलेली, आत पिल्लं. फोटो मोकळा यावा म्हणून कुणीतरी भोवतालची पानं तोडून टाकली होती. एप्रिलचं ऊन थेट पिल्लांवर पडत होतं, ती चोची उघडून धापत होती. माळीकाकांना बोलावलं. त्यांनी करंजाची डहाळी तोडून पश्चिमेच्या बाजूला बांधली. आम्ही लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने मादी चोचीत अळी घेऊन आली. त्या दिवशी मी घरट्याचा फोटो काढला नाही. मित्रहो, पान आडवं येत असेल तर येऊ द्या.

रिचमंडकर

लंडनहून लिहितेय. इकडचा उन्हाळा म्हणजे जून-जुलै, आणि रात्री नऊपर्यंत उजेड. क्यू गार्डन्स मला चालत जाण्याजोगं आहे. तिथलं वॉटरलिली हाउस लहानसं आहे, पण आत दमट उकाडा असतो. कॅमेरा लगेच बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं, म्हणून पिशवी बंद ठेवूनच थोडं थांबायचं.

तिथल्या महाकमळांचे फोटो सगळे वरून काढतात. मला पानाची उभी कड आवडते, तिच्या बाहेरच्या अंगाला काटे असतात. 2022 साली यातली एक जात नवी म्हणून जाहीर झाली, व्हिक्टोरिया बोलिव्हियाना. तिचा वाळवलेला नमुना क्यूच्याच संग्रहात 177 वर्षं दुसऱ्या जातीच्या नावाने पडून होता! पानं तीन मीटरपर्यंत वाढतात. फूल पहिल्या रात्री पांढरं असतं, दुसऱ्या रात्री गुलाबी.

बाहेर आलं की ओकच्या झाडावर पोपटांचा कलकलाट. आपलेच पोपट, गळ्यात गुलाबी पट्टा असलेले. पाळलेले सुटले आणि इथे वाढले. आई आली होती तेव्हा तिने झाडावरून नजर काढली नाही. तिचा तो वर बघतानाचा फोटो मी फ्रेम करून घेतलाय.

वडपारंबी

हावड्याच्या वनस्पती उद्यानातला महावटवृक्ष. बुरशी लागल्यामुळे मूळ खोड 1925 साली काढून टाकलं, तरी 3,000हून अधिक पारंब्यांवर झाड उभं आहे. एका फ्रेममध्ये ते मावत नाही. मी नाद सोडला आणि जमिनीत रुतलेल्या एकाच पारंबीवर चढणाऱ्या मुंग्यांची रांग टिपली.

भायखळाकर

नवशिकी, दुपारचं आणखी एक सांगतो. राणीबागेत उंच झाडांवर मोठी वटवाघळं लटकलेली असतात. पारा चढला की ती झोपत नाहीत. एक पंख उघडून सावकाश हलवत वारा घेतात, पंख चाटून ओले करतात. आकाशाचं तेज मागे असल्यामुळे ती निव्वळ काळी येतात. मोबाइलवर वटवाघळावर बोट दाबून फोकस लॉक कर आणि उजेड वाढव, आकाश पांढरं झालं तरी हरकत नाही. पंख उन्हाच्या दिशेला उघडला तर त्यातून प्रकाश आरपार येतो, बोटांची हाडं आणि त्यांमधल्या रक्तवाहिन्या मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात. साडेबारा ते तीन ही त्यासाठीची उत्तम वेळ. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नकोस.