तेफ वाळवंटात पिकत नाही : ‘ॲनो १८००’मधल्या एन्बेसाविषयी

भोकर :
‘ॲनो १८००’ हा बेटांवर शहरं वसवायचा संगणकावरचा खेळ. ‘लँड ऑफ लायन्स’ हा त्याचा वेगळा विकत घ्यायचा भाग, त्यात एन्बेसा हा काल्पनिक आफ्रिकी मुलूख मिळतो. त्याबद्दल परवा एकाने इथे लिहिलं : “लँड ऑफ लायन्स घेऊन पस्तावलो. एन्बेसा म्हणजे नुसती वाळू, आफ्रिकेत दुसरं असणार तरी काय? पंप बसवा, पाट काढा, कंटाळा आला की युरोपातल्या बेटांवर परत या.” दोन दिवस ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२०२० साली हा भाग आला तेव्हापासून मी खेळतोय आणि मला तो आवडतो. माझी तक्रार वेगळी आहे. एन्बेसा इथिओपियावरून घेतलाय हे उघड आहे. अम्हारिक भाषेत अन्बेसा म्हणजे सिंह. सम्राटाचं नाव केतेमा, त्याचा अर्थ शहर. शेतात तेफ, चहा लाल अंबाडीच्या बोंडांचा, कापड जवसाचं, लाकूड वान्झाचं. वान्झा म्हणजे आपल्या भोकराचा भाऊबंद, दोन्ही एकाच कुळातली झाडं. इतकं बारीक पाहणाऱ्यांनी हे सगळं उभं कुठे केलं? करपलेल्या जमिनीवर.

तेफ हे पठारावरचं धान्य आहे. अदिस अबाबा २,३०० मीटरांच्या वर वसलंय, आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी उंच. मोठा पाऊस जून ते सप्टेंबर, अगदी आपल्यासारखा, आणि वर्षाला हजार मिलिमीटरांहून जास्त. निळी नाईल ताना सरोवरातून निघते. इजिप्तच्या शेतांवर हजारो वर्षं जो गाळ आला, तो बहुतांशी याच डोंगरांतून वाहून गेलेला. ज्या देशाने दुसऱ्यांना पाणी पुरवलं तोच खेळात तहानलेला दाखवायचा, आणि मग आपल्यातल्या कुणी म्हणायचं, तिथे वाळूशिवाय असणार काय! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाटकरी :
अहो, पण पाण्याची टंचाई काढली तर उरतं काय? न्यू वर्ल्डची, म्हणजे खेळातल्या दक्षिण अमेरिकेसारख्या मुलखाची, दुसरी प्रत. नदीकाठच्या ठरलेल्या जागांवरच पंप बसतो, एका पंपावर ठरावीक लांबीचेच पाट चालतात, पाटालगतची जमीन हिरवी होते आणि शेत तिथेच धरावं लागतं. अख्ख्या खेळात जमिनीचा इतका विचार मी दुसरीकडे कुठे केला नाही. आणि इथिओपिया म्हणजे फक्त पठार नव्हे. दानाकिलचा खोलगट भाग समुद्रसपाटीच्या शंभर मीटर खाली आहे, तोही त्याच देशात.

ज्यांना पाटांचा कंटाळा येतो त्यांना एक सांगतो. मी लातूरचा. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, त्यामुळे माझी आई रात्री दोनला उठून ड्रमांपाशी बसायची. कोणत्या बादलीतलं पाणी कशाला, हे घरात ठरलेलं होतं. एन्बेसात एक पाट जमिनीचे दोन चौकोन वाचवून वळवला की मला तेच घर आठवतं. ती कटकट नाही.

भोकर :
आईंबद्दल वाचून गलबललो. पण दानाकिलमध्ये मीठ काढतात, तेफ नाही. मुद्दा तोच राहतो.

आजोळ :
मला तर राग याचा आहे की इतके भाग काढले, आर्क्टिकसुद्धा दिलं, भारत नाहीच. पाणीच दाखवायचं होतं तर नहर-ए-अंबरी दाखवायची. इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालून, खापरी नळांतून त्याने शहरात खेळवलं. हबशांच्या रक्तातच पाण्याची जाण आहे, हे यावरून दिसतं.

पाटकरी :
रक्तात वगैरे काही नसतं! अंबर पोरवयात विकला गेला. मोखा, बगदाद असं फिरत दख्खनला आला. भुयारातून पाणी आणायची विद्या इराणची, कनात म्हणतात तिला. ती त्याने बघितली असेल तर त्या वाटेवर किंवा इथे दख्खनमध्ये. त्याच्या हुशारीचं श्रेय त्याच्या रक्ताला देऊ नका, त्यालाच द्या.

आजोळ :
तुम्ही एका शब्दावरून अंगावर येता. माझ्या आजोळच्या वाड्यात नहरीच्या पाण्याचा हौद होता. आजी सांगायची, मे महिन्यातसुद्धा त्यात हात घातला की गार लागायचं. पंप नाही, वीज नाही, केवळ उतार. मी पाहिला तेव्हा तो कोरडा होता आणि त्यात सायकली ठेवल्या होत्या. ते पाहून जे वाटलं त्यातून मी लिहितो, पुस्तकातून नाही.

पाटकरी :
हौदाचं दुःख कळतं मला. तरी कनात इराणचीच.

आजोळ :
बरं, इराणची. ‘रक्तात’ हा शब्द मागे घेतो. पण खडकीत ती चालवून दाखवली एका हबशी माणसानेच, हे मागे घेणार नाही.

पाटकरी :
ते मागे घ्या असं मी म्हटलंच नव्हतं.

भोकर :
चर्चा खडकीला गेली ते बरंच झालं, कारण माझं म्हणणं त्यातूनच नीट मांडता येईल. पाण्याची टंचाई दाखवायला माझी ना नाही. प्रश्न आहे तो लोक तिच्याशी कसे भिडतात याचा. दक्षिण इथिओपियात कोन्सो नावाचा कोरडा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उतारांवर दगडी ताली रचून माती आणि पाणी अडवलं. २०११ मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा मानला. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई करतात ना, त्याच जातीचं काम. एन्बेसात हे असतं तर टंचाई राहिली असती, पाटकरींचा चौकोनांचा हिशोबही राहिला असता, आणि ‘नुसती वाळू’ म्हणायला कुणाची जीभ वळली नसती.

पाटकरी :
तेफ त्या जमिनीवर नको होतं, एवढं मान्य करतो. पाट मात्र काढू देणार नाही.

भोकर :
पाट राहू द्या. खाली पाट, वर ताली.

पाटकरी :
मग तालींची डागडुजीही धरा. मामाच्या शेतात मी दोन पावसाळे ताली लावल्यात. एका रात्रीच्या पावसाने फुटते आणि खालच्या चार घेऊन जाते. खेळात दर पावसाळ्यानंतर माणसं लावून दगड परत रचावे लागणार असतील, तर मी तुमच्या बाजूने.