चित्रपटाच्या प्रीमियरला साधे पाहुणे म्हणून जायचंय : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण चित्रपटांच्या ध्वनी विभागात आहे, फोली आर्टिस्टची सहायक. पडद्यावर कुणी जिना चढतं, अंगावरचा कोट काढतं, पेला टेबलावर ठेवतं, ते आवाज चित्रीकरणात पुष्कळदा नीट मिळत नाहीत. मग ते स्टुडिओत दृश्य बघत बघत हातापायांनी नव्याने काढावे लागतात. श्रेयनामावलीत तिचं नाव पहिल्यांदाच येतंय. तिला मिळालेल्या दोन पासांवर मी आणि आई प्रीमियरला जाणार आहोत. ती स्वतः तिच्या टीमबरोबर बसेल, म्हणजे आत आम्ही दोघीच.

आमच्या घरातलं कुणी अशा कार्यक्रमाला कधी गेलेलं नाही. बहीण आधीच धावपळीत आहे, त्यात आमच्या शंका तिच्या डोक्यावर नकोत, म्हणून इथे विचारते.

पासवर येण्याची जी वेळ दिली आहे ती चित्रपटाच्या दीड तास आधीची आहे. खरंच इतक्या लवकर पोचायचं का? आईचे गुडघे दुखतात, तिला फार वेळ उभं राहता येत नाही. रेड कार्पेटवरून आम्हीही जायचं असतं की आमची वाट वेगळी? कुणाच्या फोटोत आम्ही मध्येच आलो असं व्हायला नको. कपड्यांबद्दल फक्त 'फॉर्मल' एवढंच लिहिलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. चित्रपट भयपट आहे. आईला भयपट अजिबात आवडत नाहीत, मलाही फारसे नाहीत. संपल्यावर बहीण बाहेर येऊन विचारणारच, "कसा वाटला?" तिच्याशी खोटं बोलायचं नाहीये, आणि तिचा आनंदही कमी करायचा नाहीये. तिचं काम नेमकं कुठे आहे हे आम्हाला ऐकू तरी येईल का?

---

कातरजोड :

अभिनंदन! मी संकलन विभागात आहे, त्यामुळे असे बरेच कार्यक्रम आतून बघितलेत.

दिलेल्या वेळेलाच पोचा. सगळे येत नाहीत हे धरून अनेकदा खुर्च्यांपेक्षा जास्त निमंत्रणं दिलेली असतात, त्यामुळे उशिरा येणारा बाहेर राहू शकतो. पास नावाचे असतील तर ओळखपत्र लागेल, आईंचंही. गुडघ्यांचं मात्र आजच कळवा. पास ज्या कार्यालयाकडून आलेत तिथे एक ओळ लिहा : सोबत ज्येष्ठ व्यक्ती आहे, कडेची आणि कमी पायऱ्यांची जागा हवी. आधी कळवलं की सोय करतात, ऐन वेळी दारावरच्या माणसाच्या हातात काही नसतं.

कार्पेटचं म्हणाल तर छायाचित्रकारांसमोर थांबण्याची जागा कलाकारांची. पाहुण्यांना बहुधा त्यांच्या मागून किंवा शेजारच्या पट्ट्यातून नेतात. कार्यकर्ते सांगतील तसं चालत राहा, थांबू नका, एवढंच. हौस असेल तर आतल्या लॉबीत पोस्टरसमोर फोटो काढा, तिथे कुणी घाई करत नाही. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाने तर २०१८ पासून रेड कार्पेटवर सेल्फीच बंद केलेत, कारण रांग तुंबायची.

कपडे लग्नाच्या स्वागत समारंभाला घालाल तसे चालतील. खडखडणारे दागिने आणि बोचणारे बूट टाळा, बसून राहायचंय बराच वेळ. काही ठिकाणी फोन दाराशी जमा करतात किंवा कुलूपबंद पिशवीत घालून देतात. नाही घेतले तरी चित्रपट सुरू झाल्यावर बाहेर काढू नका. श्रेयनामावलीतल्या नावाचा फोटो काढायचा मोह होईल, तोही नको. रेकॉर्डिंगवर नजर ठेवायला माणसं नेमलेली असतात आणि तुमचा पास बहिणीच्या नावावर आलेला आहे.

आणखी एक. प्रीमियर कधीकधी एकाच वेळी अनेक पडद्यांवर असतो. कलाकार मंचावर येऊन दोन शब्द बोलतात आणि बरेचसे नंतर निघून जातात. ते तुमच्याच सभागृहात असतील किंवा शेवटी भेटतील, अशी आशा आईंना लावू नका. नंतरच्या पार्टीचं निमंत्रणही वेगळं असतं.

---

कानोसा :

मी ध्वनिमिश्रण करते, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहिते. मला तोच खरा प्रश्न वाटला.

भयपट आहे म्हणता, मग तुमच्या बहिणीचं काम ऐकू येईलच. संगीत थांबतं, कुणी बोलत नसतं आणि कॉरिडॉरमध्ये फक्त पावलं वाजतात, त्या जागा फोलीच्या. चालणारा माणूस घाबरलाय की निर्धास्त आहे, जड आहे की आजारी, हे ती पावलं सांगतात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून या कामाला नाव पडलं, ते बोलपट नुकते सुरू झाले तेव्हापासूनचं. आजही ते बरंचसं माणसाच्या हातापायांनीच होतं.

जागा निवडायला मिळाली तर पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे, शक्य तितक्या मध्यावर बसा. मिश्रण करताना आम्ही जवळपास तिथेच बसतो. आईंना कडेची खुर्ची लागणार असेल तर ती घ्या, फोली तिथूनही कळते.

जाण्याआधी बहिणीला एवढंच विचारा : "तुझ्या हातचे दोन-तीन आवाज सांग, कथा सांगू नकोस." ते कान देऊन ऐका. भीती वाटली तर आईंनी डोळे मिटून घ्यावेत, आवाज तरीही ऐकू येतात. बाहेर आल्यावर ज्या आवाजाने दचकलात त्याचं नाव घ्या. कथा आवडली नाही असं ती विचारेल तेव्हा सांगितलंत तरी तिला वाईट वाटणार नाही, कथा तिने लिहिलेली नाही.

चित्रपट पुढे दुसऱ्या भाषेत डब झाला तर मूळ संवाद काढतात, त्यांच्यासोबत सेटवरची पावलंही जातात. उरते ती फोली. म्हणजे तिचे आवाज त्या भाषेतही तसेच राहतील. हे आईंना जरूर सांगा.

---

सांजवारा :

नावं संपेपर्यंत उठू नका. ध्वनी विभाग बराच उशिरा येतो आणि तोवर निम्मी माणसं दाराकडे निघालेली असतात. तुमच्यासमोर कुणी उभं राहिलं तर नाव दिसणार नाही, म्हणून तिच्याकडून आधीच विचारून ठेवा की कोणत्या शीर्षकाखाली बघायचं. नाव आलं की मोकळेपणाने टाळ्या वाजवा, टीमची माणसंही वाजवतात.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. जागेसाठी आत्ताच मेल केला. बहिणीलाही विचारलं. तिने दोन आवाज सांगितले : ओल्या फरशीवरची अनवाणी पावलं आणि कुलपात फिरणारी किल्ली. आईने दोन्ही डायरीत लिहून ठेवलेत. डबिंगचं मी सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, कोणकोणत्या भाषांत होणार आहे. कुणाला ते आधी कळण्याचा काही मार्ग ठाऊक असेल तर कृपया सांगा.