सोयाबीनचे प्रमाणित बीजोत्पादन: परवाना आणि प्रमाणीकरण एकच आहे का?

प्रश्न (लातूर जिल्हा)
नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे काही सभासद येत्या खरिपात सोयाबीनचे बीजोत्पादन घेऊ इच्छितात. बियाणे विक्रीचा परवाना काढला की पुरे, असे काहीजण सांगतात, तर प्लॉट नोंदवल्याशिवाय पिशवीही भरता येत नाही, असे इतरांचे म्हणणे आहे. नेमके काय लागते आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त कृषी अधिकारी)
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली मिळतो आणि विक्रीसाठी तो लागतोच. प्रमाणीकरण 1966 च्या बियाणे कायद्यानुसार होते. ते ऐच्छिक असून केवळ अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या, वाणांचेच करता येते. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणा पाहते व तिचे मुख्यालय अकोल्यात आहे. प्रमाणीकरण न करता सत्यतादर्शक बियाणे म्हणून हिरव्या टॅगने विक्री करता येते, मात्र तेव्हा लेबलवरील उगवण आणि शुद्धतेची सगळी जबाबदारी उत्पादकाची असते. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग लागतो.

सुरुवात स्रोत बियाण्यापासून करा. प्रमाणित बियाणे घ्यायचे असेल तर पांढऱ्या टॅगचे पायाभूत बियाणे पेरावे लागते, आणि ते टॅग, रिकाम्या पिशव्या व खरेदीची पावती प्रत्येक सभासदाने जपून ठेवली पाहिजे, कारण बियाणे कोठून आले याचा पुरावा तेवढाच असतो.

उत्तर (बीजोत्पादक, वाशीम जिल्हा)
शेतातले निकष अवघड नाहीत. विलगीकरण अंतर, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या सोयाबीनपासूनचे अंतर, 3 मीटर पुरते, कारण सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होते, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग मिळतात. भेसळीची झाडे कमाल 0.50 टक्के, म्हणजे हजारात पाच, चालतात. फुलोऱ्यात रोज सकाळी प्लॉटमधून फिरावे. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढरे फूल दिसले की ते झाड मुळासकट उपटून बांधाबाहेर टाकावे.

खरी कसोटी मळणीला लागते, आणि हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. एका वर्षी माझा प्लॉट यंत्रणेच्या शेतातल्या दोन्ही तपासण्यांत पास झाला, पण पावसाच्या भीतीने घाई करून मळणी यंत्राचा वेग वाढवला आणि बियाणे उगवणीत नापास झाले. किमान 70 टक्के उगवण लागते, माझी 64 भरली. नंतर मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून उन्हात धरले, तेव्हा कितीतरी दाण्यांच्या टरफलावर केसाएवढ्या चिरा दिसल्या. आता ओलावा 13 ते 14 टक्के असताना आणि यंत्राच्या ड्रमच्या मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांवरच मळणी करतो, पोती आपटू देत नाही आणि पाचापेक्षा जास्त थराची थप्पी लावत नाही. साठवताना ओलावा 12 टक्क्यांच्या आत आणावा लागतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. सभासदांनी घरचे बियाणे आपापसांत विकले तर चालेल का?

उत्तर (निवृत्त कृषी अधिकारी)
चालते. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे जपण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क देतो. मात्र संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदवलेल्या, वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. कंपनीच्या नावाची पिशवी भरायची असेल तर हा हक्क पुढे करता येणार नाही, तिथे परवाना आणि लेबल लागेलच. पेरणीपूर्वी जवळच्या मान्यताप्राप्त बीज प्रक्रिया केंद्राशी बोलून घ्या, कारण माल घरी आल्यावर केंद्र शोधत बसलात तर ओलावा आणि उंदीर दोन्ही तुमची वाट पाहत नाहीत.