मदत हवी आहे: पॅड आणि ऑइल बदलूनही पुढचा ब्रेक स्पंजी

नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची गाडी नऊ वर्षं जुनी आहे, पुढे डिस्क. गेल्या रविवारी घरीच नवे पॅड टाकले, कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिस्टन आत दाबला आणि जुनं काळपट ब्रेक ऑइल काढून सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरलं. तेव्हापासून लिव्हर थेट ग्रिपला टेकते. दोन-तीनदा पंप केलं की कडक होते, जरा थांबलं की पुन्हा मऊ.

कॅलिपरवरच्या निपलला (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तीनदा ब्लीडिंग केलं, म्हणजे ऑइलमधली हवा काढली. आधी बारीक बुडबुडे आले, आता नुसतं स्वच्छ ऑइल येतं. टाकीतली पातळी एकदाही खाली जाऊ दिली नाही. काल रात्री लिव्हर ग्रिपला बांधून ठेवली. सकाळी छान कडक होती, पण संध्याकाळपर्यंत परत तेच! बाहेर कुठेही ओल नाही, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन मोकळ्या आहेत.

आता शंका मास्टर सिलेंडरवर (लिव्हरपाशी ऑइलवर दाब देणारा भाग). ब्लीडिंग करताना लिव्हर पूर्ण दाबली जाते, तेव्हा जुनं सील आतल्या गंजलेल्या भागावर घासून फाटलं असेल का? की वरच्या बँजो बोल्टपाशी (ब्रेकची नळी जिथे जोडते तो पोकळ बोल्ट) हवा अडकली आहे? सिरिंजने खालून वर ऑइल ढकलून कुणाला फरक पडला आहे का? नुसतं सील किट टाकावं की अख्खा मास्टर सिलेंडर?

पाचगणीहून वाईला रोज पसरणी घाट उतरावा लागतो, म्हणून सध्या गाडी घरीच उभी आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.